टाळता येण्याजोगा भार

मगदूम नवरा-बायकोच्या गुडघ्यांची तपासणी एकाच सकाळी, एकाच दवाखान्यात, एकाच यंत्रावर झाली. सन्मती मगदूमांना औषध मंजूर झालं. सुचेताला नामंजूर झालं. दोघांपैकी गुडघे कुणाचे जास्त बिघडले होते म्हणाल, तर सुचेताचे.

डॉ. शमा बागवान यांनी दोघांचे निकाल पडद्यावर शेजारी शेजारी उघडले. मिरजेत सांध्यांच्या डॉक्टरांना तोटा नाही, पण या बाईंकडं गर्दी असायची ती त्या पेशंटला नीट समजावून सांगतात म्हणून. आज मात्र सुरुवात कुठून करावी हे त्यांनाच कळेना. मग त्यांनी औषधाची गोष्ट बाजूला ठेवली आणि गुडघ्याची सांगायला घेतली.

हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, हे सुचेताला माहीत होतं. ती गादी कशाची बनते हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की तिच्यात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. एक कोलॅजेन. त्याचे दोर बाजेच्या विणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. दुसरं ॲग्रिकॅन. ते बाटली धुवायच्या ब्रशासारखं केसाळ असतं आणि त्या विणीत अडकून बसून पाणी धरून ठेवतं. पाऊल टेकलं की गादीतलं पाणी दबून बाहेर येतं, पाऊल उचललं की परत आत शिरतं. माणूस जन्मभर चालतो तो या पाण्याच्या जिवावर.

शरीरात विकरं असतात, म्हणजे कात्र्या. जुनं, खराब झालेलं कापून काढायला त्या लागतातच. पण सांध्यावर वर्षानुवर्षं प्रमाणाबाहेर भार पडला की कूर्चेतल्या पेशी बिथरतात आणि या कात्र्या मोकाट सोडतात. आधी जिचं नाव ॲग्रिकनेज ती कात्री ब्रश कापत सुटते. गादीतलं पाणी कमी होतं. मग दुसरी कात्री, कोलॅजिनेज, दोरांना लागते. ब्रश कापले गेले तर पेशी नवे करू शकतात. दोर तुटले की तुटले, मोठ्या माणसाच्या शरीरात ते पुन्हा तसे विणले जात नाहीत. आणि कूर्चेत नसा नसल्यामुळं हे सगळं चालू असताना दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

म्हणून तर त्या सकाळी दोघांना लावलेली ही पट्टी आली होती. तळहाताएवढी, गुडघ्यावर चिकटवायची. तिच्या केसाहून बारीक सुया कापल्या गेलेल्या प्रथिनांची टोकं पकडायच्या आणि कुठली कात्री किती चालली आहे ते सांगायच्या. औषध म्हणजे एक जेल. ते सुईनं सांध्यात सोडायचं. त्यातला रेणू ॲग्रिकनेजच्या पात्यांमध्ये अडसर होऊन बसायचा. पूर्वी सगळ्याच कात्र्या सगळ्या शरीरात बंद करणाऱ्या गोळ्या करून पाहिल्या होत्या, तेव्हा लोकांचे खांदे आणि बोटं आखडून गेली होती, कारण स्नायूंच्या दोऱ्यांनाही ही छाटणी लागते. हे औषध फक्त एका कात्रीवर आणि फक्त त्या सांध्यात काम करत होतं. पण ते बनवायला अवघड होतं, आणि मागणाऱ्यांच्या मानानं फार थोडं होतं.

"तुमची पहिली कात्री जोरात चालू आहे," डॉक्टर सुचेताला म्हणाल्या. "दोर अजून शाबूत आहेत. औषध आत्ता मिळालं तर गुडघे वाचतील. दोर तुटायला लागले तर मग ते देऊन उपयोग नाही."

"मग नामंजूर का?" सुचेतानं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, व्यवसाय: नाही. भार: नगण्य.

औषध कुणाला आधी द्यायचं हे सांधेसुरक्षा मंडळ ठरवायचं. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्यांचं पोट गुडघ्यांवर चालतं त्यांना आधी, असं त्यांनी ठरवलं होतं. हमाल, बिगारी, शेतमजूर, रुग्णसेविका. निवृत्त माणसाला त्याच्या शेवटच्या नोकरीवरून धरायचे. सन्मतीराव पाटबंधाऱ्यात सर्वेक्षक होते, आणि सर्वेक्षक म्हणजे रानोमाळ पायपीट करणारा, असं मंडळाच्या यंत्रानं धरलं. त्यांच्या नोकरीच्या उत्तरार्धात मोजणी ड्रोन करायचे आणि सन्मतीराव जीपमध्ये बसून पडदा बघायचे, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी गड चढायचा छंद लावून घेतला होता, आणि त्यापायी गुडघे थोडे कुरकुरत होते, एवढंच.

परत येताना गाडीत ते म्हणाले की मंडळाचे नियम असतात, त्याला आपण काय करणार. पुढच्या वर्षी तुझाही नंबर लागेल.

सांगलीत विश्रामबागेच्या पलीकडं रो-हाउसांच्या कॉलनीत त्यांचं घर होतं. खाली स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, वर दोन खोल्या. सासूबाईंना सुचेता आत्या म्हणायची. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आत्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जडावलं होतं. त्यांना उठवून बसवणं, खुर्चीत घेणं, न्हाणीघरात नेणं, परत आणणं, चादर बदलणं हे सगळं सुचेता करायची. आत्या अंगानं भरलेल्या होत्या. त्यांना उचलताना सुचेता आपले दोन्ही गुडघे पलंगाच्या कडेला टेकवून जोर लावायची. लेक ऋजुता नोकरीसाठी बंगळूरला होती. ती फोनवर म्हणायची की बाई ठेव. सन्मतीराव म्हणायचे की परक्या बाईच्या हाताची आईला सवय नाही.

सन्मतीरावांच्या दोन्ही गुडघ्यांत औषध गेलं, एकानंतर काही दिवसांनी दुसऱ्यात. जेल सांध्यात बसेपर्यंत जिने चढू नका, वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाली आत्यांचं कण्हणं ऐकून झोप लागत नाही म्हणून त्यांनी वरच्या खोलीत विश्रांती घेतली. मग त्यांचा चहा वर, जेवण वर, पेपर वर, गरम पाण्याची पिशवी वर. सुचेता दिवसभर खाली-वर करत होती. नवऱ्याचे गुडघे वाचवायला जो जिना ती चढत होती, त्याच्या प्रत्येक पायरीला तिच्या गुडघ्यातले ब्रश कापले जात होते. हे तिला आता माहीत होतं. माहीत असून चढायचं, याचा तिला पहिल्यांदाच संताप आला.

तिनं डॉ. बागवानांकडं जाऊन विचारलं की माझा भार नगण्य आहे हे कुणी मोजलं? डॉक्टर म्हणाल्या, कुणीच नाही, तुमच्या नावापुढं व्यवसाय नाही म्हणून यंत्रानं तसं धरलं. त्यांनी सुचेताच्या गुडघ्यांवर भार मोजणारी पट्टी लावली आणि रोजचं सगळं रोजच्यासारखं करायला सांगितलं.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी तिचा आलेख उघडला. मग त्यांनी शेजारी दुसरा आलेख उघडला. तो मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या एका हमालाचा होता. दोघांत फरक एवढाच होता की हमालाच्या आलेखाला आठवड्यातून एक सपाट दिवस होता. सुचेताच्या नव्हता.

हा पुरावा घेऊन सुचेतानं मंडळाकडं अपील केलं. सुनावणीला सन्मतीराव बरोबर आले. मंडळाचे जिल्हा अधिकारी निंबाळकर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, आलेख पाहिले, मान हलवली. मग त्यांनी सन्मतीरावांकडं वळून विचारलं की बाई काय करतात.

"तशी घरीच असते," सन्मतीराव म्हणाले.

निंबाळकरांनी ते लिहून घेतलं. सुचेताच्या समोरचा चहा तसाच राहिला. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं की असं का सांगितलंत. सन्मतीरावांना खरंच कळलं नाही. सरळ प्रश्न होता, सरळ उत्तर दिलं, त्यात खोटं काय, असं ते म्हणाले. आणि खरंच त्यात खोटं काही नव्हतं. ती घरीच असायची.

निर्णय फोनवर आला. मंडळानं मान्य केलं होतं की अर्जदाराच्या गुडघ्यांवर पडणारा भार अंगमेहनतीच्या व्यवसायांच्या तोडीचा आहे. मात्र हा भार सोडला तर अर्जदाराची उपजीविका जात नाही. त्यामुळं तो व्यावसायिक नसून टाळता येण्याजोगा आहे. अर्जदारानं वजन उचलणं, उकिडवं बसणं आणि जिने चढणं टाळावं. औषधाची शिफारस करता येत नाही.

सुचेतानं तो निर्णय आत्यांच्या खोलीत उभं राहून मोठ्यानं वाचला. सन्मतीराव दारात होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "टाळते मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आत्यांना चहा पाजला, तोंड पुसलं, केस विंचरले. पण त्यांना उचललं नाही. स्वयंपाक ओट्याशी उभं राहून होईल तेवढा केला. फरशी पुसली नाही. वर गेली नाही. सन्मतीरावांनी आधी वाट पाहिली, मग हाका मारल्या, मग ते खाली आले आणि म्हणाले की आई तशीच पडून आहे, हा काय प्रकार आहे. राग माझ्यावर असेल तर माझ्यावर काढ, त्या म्हाताऱ्या जिवावर कशाला.

सुचेताला हेच सगळ्यात जास्त लागलं होतं. रात्रभर तिनं याचाच विचार केला होता. आत्यांना ओल्या चादरीवर ठेवणं तिच्यानं होणार नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मंडळालाही ठाऊक असावं. म्हणूनच तर टाळा म्हणून सांगायला सोपं होतं. ती उठायलाच निघाली होती, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. आत्यांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागायचा.

"तिला सांगू नको," त्या लेकाला म्हणाल्या. "तू उचल."

सन्मतीरावांनी आईला उचललं. कसं धरायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि सुचेता बाजूला उभी राहून सांगत होती की डावा हात काखेतून घाला, मान सांभाळा. खुर्चीत बसवेपर्यंत त्यांना घाम फुटला. संध्याकाळी त्यांनी डॉ. बागवानांना फोन केला. डॉक्टरांनी त्यांना फैलावर घेतलं, म्हणाल्या की एवढ्यात वजन उचलायचं नाही, अजून जेल बसलेलं नाही. आठवडा संपायच्या आत सन्मतीरावांनी एका संस्थेला फोन करून रुग्णसेविका बोलावली. आईला परक्या हाताची सवय नाही, हे त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

रेश्मा नदाफ नावाची ती बाई पस्तिशीची, कामाला वाघ होती. तिनं आत्यांना उचललं, न्हाऊ घातलं, चादर बदलली. सुचेतानं तिला चहा दिला आणि सहज विचारलं की तुझे गुडघे दुखत नाहीत का. रेश्मा म्हणाली की मागच्या वर्षीच दोन्हीत औषध झालं, मंडळाकडून, काही त्रास पडला नाही.

"आमचं कामच हे ना, ताई," ती म्हणाली.

तोच पलंग, त्याच आत्या, तेच उचलणं. रेश्माबद्दल सुचेताला जराही असूया वाटली नाही, तिला मिळालं ते बरोबरच होतं. पण रेश्मानं उचललं की काम आणि मी उचललं की नगण्य, हे कुठल्या शास्त्रात बसतं, या प्रश्नानं तिच्या अंगाची लाही झाली.

रेश्मा गेल्यावर ती दोन घरं सोडून राहणाऱ्या उज्ज्वला बिरनाळेकडं गेली. उज्ज्वलाच्या सासऱ्यांना कंपवात होता. त्यांना धरून उठवायचं, चालवायचं, पडले की उचलायचं, हे तिचं आठ-दहा वर्षं चालू होतं, आणि तिच्याही पट्टीचा निकाल सुचेतासारखाच आला होता. सुचेतानं तिला सांगितलं की उद्यापासून मी तुझ्या सासऱ्यांना सांभाळते, तू माझ्या सासूला सांभाळ. दोघी रुग्णसेविका म्हणून नाव नोंदवू. तू मला पगार दे, मी तुला देते. उज्ज्वलाला आधी हसू आलं. मग तिनं हसणं थांबवलं आणि विचारलं की हे चालेल का.

सुचेतानं तेच जाऊन डॉ. बागवानांना विचारलं. त्यांनी त्यावर दोन दिवस विचार केला. मग त्या म्हणाल्या की माझ्यापुढं कात्री चालू असलेला गुडघा येतो, आणि तो माणूस खरोखर ते काम करतो की नाही ते पट्टी सांगते. तुम्ही दोघी ते काम करताय. मी तेवढंच लिहीन.

सन्मतीरावांना हे कळलं तेव्हा ते भडकले. मगदूमांची सून लोकांच्या घरी म्हातारी माणसं उचलायला जाणार, कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहील का, असं बरंच बोलले. सुचेतानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "याच घरात उचलत होते तेव्हा तुम्हाला लाज वाटली नाही."

ती रोज सकाळी बिरनाळ्यांकडं जाऊ लागली आणि उज्ज्वला मगदूमांकडं. रेश्माला तूर्त थांबवलं होतं. काम तेच होतं, पण बाकीचं बरंच वेगळं होतं. बिरनाळ्यांकडं उज्ज्वलाचा नवरा सुचेताला ताई म्हणायचा, तुम्ही जेवलात का विचारायचा, सासऱ्यांना उठवताना दुसऱ्या बाजूनं धरायला यायचा. हाच माणूस एरवी बायकोला कधी हातभार लावत नाही म्हणून उज्ज्वला रडायची. आणि उज्ज्वला मगदूमांकडं सन्मतीरावांना सांगायची की माझं काम आजींपुरतं आहे, तुमचा कप तुम्ही धुवा. सन्मतीराव कप धुवायचे. परक्या बाईला नाही म्हणता येत नव्हतं. सुचेताला हे उज्ज्वलाकडून कळायचं. दोघी हसायच्या, आणि हसता हसता सुचेताच्या डोळ्यांत पाणी यायचं. हेच आपल्याला इतकी वर्षं का मिळू शकलं नाही, आपण परक्या असतो तर मिळालं असतं का, असं तिच्या मनात यायचं.

कॉलनीतल्या आणखी बायका सामील झाल्या. सकाळी त्या रस्त्यात एकमेकींना ओलांडून एकमेकींच्या घरात जायच्या. पगार या घरातून त्या घरात जायचा आणि तिथून परत यायचा. मंडळाच्या यंत्रात सगळ्यांच्या नावापुढं व्यवसाय आला आणि अर्ज मंजूर होऊ लागले. सुचेताच्या उजव्या गुडघ्यात औषध गेलं. डाव्याची तारीख ठरली.

ती तारीख यायच्या आत मंडळानं सगळ्यांची औषधं थांबवली. बनावट व्यवसाय दाखवून लाभ घेतल्याचा संशय, असं कारण दिलं होतं. चौकशी सुरू झाली. माणसं येऊन घरं बघून गेली, शेजाऱ्यांना विचारून गेली, पट्ट्यांचे आलेख मागवले. आठवडे गेले, महिने गेले. दर वेळी सुचेताला सांगितलं जायचं की प्रकरण विचाराधीन आहे. डॉ. बागवान डाव्या गुडघ्यावर पट्टी लावायच्या आणि मंडळाला लिहायच्या की वेळ हातात नाही. उत्तर यायचं नाही. एका तपासणीत पट्टीनं दुसऱ्या कात्रीची टोकं पकडली. डाव्या गुडघ्यात दोर तुटायला लागले होते. डॉक्टरांनी ते सुचेताला सांगितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढं सोपं वाचवता येण्यासारखं होतं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या.

दुसरी सुनावणी भरली तेव्हा खोलीत कॉलनीच्या बायका होत्या, दोन-तीन वार्ताहर होते. निंबाळकर या वेळीही सभ्यपणे बोलले. ते म्हणाले की नियमाचा हेतू गरजू कष्टकऱ्याला औषध मिळावं हा आहे, तुम्ही कामाचं सोंग घेऊन नियमाला फसवलंत. मग सवयीनं ते सन्मतीरावांकडं वळले आणि विचारू लागले की या बाई आधी घरात नेमकं काय करायच्या.

सन्मतीरावांनी तोंड उघडलं होतं. ते काय बोलणार होते हे सुचेताला कधीच कळलं नाही, कारण ती मध्येच बोलली.

"त्यांना विचारू नका. काम मी करते, मला विचारा."

निंबाळकरांनी पेन खाली ठेवलं.

"मी माझ्या सासूला उचललं तेव्हा तुम्ही भार नगण्य म्हणालात," सुचेता म्हणाली. "उज्ज्वलानं उचललं तेव्हा मंजूर केलंत. आत्यांचं वजन तेवढंच आहे. साहेब, बदललं काय?"

निंबाळकरांनी समोरचे कागद चाळले. माणूस खोटारडा नव्हता. शेवटी ते म्हणाले, "नातं बदललं."

"मग नियमात तसं लिहा. नात्यातल्या बाईचा गुडघा मोजायचा नाही, असं स्पष्ट लिहा. टाळता येतं म्हणू नका. मी टाळलं असतं तर आत्या मेल्या असत्या, आणि मग तुम्हीच मला गुन्हेगार म्हणाला असता."

तिचा आवाज चढला नव्हता. उज्ज्वलानं तिचा एक हात धरून ठेवला होता.

ते बोलणं दुसऱ्या दिवशी सगळीकडं पोचलं. इचलकरंजीत, लातुरात, नाशकात बायका घरं बदलू लागल्या. सासवा, सासरे, अपंग भाऊ, आजारी नवरे यांना शेजारणी सांभाळू लागल्या आणि अर्जांचा असा काही पूर लोटला की मंडळाला कळेना बनावट कोण आणि खरं कोण. पट्टी प्रत्येकीचं तेच सांगत होती. वर्ष सरता सरता मंडळानं नियम बदलला. गृहश्रम हा शब्द व्यवसायांच्या रकान्यात आला. भार मोजूनच ठरवायचा, व्यवसायावरून धरायचा नाही, असं ठरलं. उज्ज्वलाचे दोन्ही गुडघे वाचले. कॉलनीतल्या बहुतेकींचे वाचले.

सुचेताचा उजवा वाचला. डावा गेला. पुढं कधीतरी तो बदलावा लागणार होता. घरात रेश्मा परत येत होती, आणि सुट्टीच्या दिवशी सन्मतीराव आईला उचलत होते. आता त्यांना कसं धरायचं ते येत होतं. एकदा आत्यांना खुर्चीत बसवून ते सुचेतासमोर येऊन उभे राहिले, काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं, मग पाणी प्यायला गेले.

नव्या नियमाचा शुभारंभ मंडळानं सांगलीतच करायचं ठरवलं. मोठं सभागृह, व्यासपीठावर पाहुणे, फुलांच्या माळा. सुचेता मगदूम यांचा सत्कार, असं पत्रिकेत ठळक अक्षरात छापलं होतं. ती पुढच्या रांगेत सन्मतीरावांशेजारी बसली होती. निवेदिकेनं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, आणि सुचेतानं व्यासपीठाकडं पाहिलं. चढायला उभ्या लाकडी पायऱ्या होत्या, कठडा एकाच बाजूला. सांध्यांसाठी काम करणाऱ्या मंडळाला याची आठवण झाली नव्हती.

सन्मतीराव उठले आणि त्यांनी हात पुढं केला. मी धरतो, हळूहळू जाऊ, असं म्हणाले. सुचेता बसून राहिली.

"मी वर येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही खाली या."

ती हे माइकवर बोलली नव्हती, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं आणि ते कुजबुजत मागं पोचलं. टाळ्या विरल्या. व्यासपीठावर पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग निंबाळकर शाल आणि एक माइक घेऊन उठले आणि पायऱ्या उतरले. झपझप उतरले, कठड्याला हातसुद्धा न लावता. तिच्यासमोर येऊन त्यांनी शालीची घडी मोडली.

"तुमचे गुडघे छान आहेत," सुचेता म्हणाली.

"मागंच औषध घेतलं," ते हसून बोलून गेले. "दोन्हीत."

त्यांच्या हातातला माइक चालू होता. ते शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेले. निंबाळकर आयुष्यभर टेबलामागं बसलेले होते, हे तिथल्या निम्म्या बायकांना स्वतःच्या चकरांवरून माहीत होतं. निंबाळकरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

सुचेतानं डाव्या मांडीवर हात दाबून जोर घेतला आणि उठली. उज्ज्वला मागच्या रांगेतून निघाली, तिच्यामागं कॉलनीच्या बाकीच्या. सुचेता एका पायावर भार देत त्यांच्याबरोबर दाराकडं चालू लागली. शाल निंबाळकरांच्या हातातच राहिली.